अंबरनाथ, पांडव आणि काडेपेटी

अंबरनाथचं शिवमंदिर पांडवांनी एका रात्रीत, एकाच दगडातून उभं केलं आणि पहाट झाल्यामुळे कळस राहून गेला, ही गोष्ट इथल्या पोराटोरांनाही पाठ असते. गाभाऱ्यात उतरून मान वर केली की खरंच आभाळ दिसतं, म्हणून ती पटतेही.

पण मंदिर एका दगडाचं नाही. काळ्या दगडाचे घडीव चिरे एकमेकांवर बसवलेत. बाहेरून नीट पाहिलं तर सांधे दिसतात. आणि तारीख तर मंदिरातच कोरली आहे. उत्तरेकडच्या दाराच्या तुळईवर आतल्या बाजूला शिलालेख आहे : शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०. शिलाहार राजा मुम्मुणीचा काळ. काम त्याच्या आधी, भाऊ छित्तराजाच्या वेळी सुरू झालं असं मानतात. एक रात्र कुठली, वर्षं गेली असणार!

आजचं शहर मात्र मंदिराभोवती वाढलं नाही. ते वाढलं रेल्वे, १९२०च्या दशकात आलेली विमकोची काडेपेटी फॅक्टरी, स्वातंत्र्यानंतरचा संरक्षण कारखाना आणि एमआयडीसी यांच्यामुळे. पांडवांपेक्षा काडेपेटीचं ऋण जास्त, पण ते कोणी सांगत नाही.