रामन राघव फासावर गेलाच नाही

साठच्या दशकातल्या मुंबईचा विषय निघाला की कुणीतरी हमखास सांगतं, ‘एकामागून एक खून करणाऱ्या रामन राघवला पकडला आणि फाशी दिली.’ पहिला भाग खरा, दुसरा नाही.

१९६८ साली उपनगरांतल्या फुटपाथ-झोपड्यांत रात्री झोपलेल्या माणसांची डोकी ठेचली जात होती. लोक जागता पहारा देत. मारेकरी पोपट किंवा मांजर होतो, अशाही वावड्या उठल्या. तपासाची सूत्रं पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णींकडे होती, आणि ऑगस्टमध्ये उपनिरीक्षक अॅलेक्स फियाल्हो यांनी रामन राघवला डोंगरी भागात ओळखून धरलं. १९६६मध्येही तो पोलिसांच्या हाती लागला होता, पण पुराव्याअभावी सुटला. ही चुटपुट मला फाशीच्या दंतकथेपेक्षा मोठी वाटते.

सत्र न्यायालयाने १९६९मध्ये फाशी सुनावली. त्याने अपीलच केलं नाही, म्हणून ‘मग लटकवलाच असणार’ असा समज रुजला असावा. पण आरोपी गप्प बसला तरी फाशी उच्च न्यायालयाने कायम करावी लागते. उच्च न्यायालयाने तीन मनोविकारतज्ज्ञांकडून त्याची तपासणी करवली. शेवटच्या भेटीत तज्ज्ञांनी हात पुढे केला, तर हा म्हणे, आपण कानूनचे प्रतिनिधी, दुष्ट जगातल्या माणसांना शिवत नाही. निदान झालं जुनाट पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचं, म्हणजे संशय आणि भ्रमांनी पछाडणाऱ्या गंभीर मनोविकाराचं, आणि पुढे फाशीची जन्मठेप झाली.

त्यानंतर तो येरवड्यात होता. १९९५मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात तो मूत्रपिंडाच्या विकाराने मेला.