शेवटच्या बॉसनंतर: उरलेल्या साइड क्वेस्ट वेगळ्या, पोस्टगेम वेगळा

मेन स्टोरी संपली, आता साइड क्वेस्ट, म्हणजे मुख्य कथेबाहेरच्या मोहिमा, खेळाव्यात का? आरपीजी, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचे व्हिडिओ गेम, खेळणाऱ्यांत हा प्रश्न निघाला की उत्तरं दोन टोकांची येतात. एकाला वाटतं खरी मजा तिथूनच सुरू होते, दुसऱ्याचा शेवट पाहिल्यावर जीवच रमत नाही. माझ्या मते दोघंही खरं सांगतात, फक्त ते दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात.

पहिली गोष्ट म्हणजे उरलेल्या क्वेस्ट. कथा चालू असताना समोर आल्या, तुम्ही बाजूला ठेवल्या आणि क्रेडिट्स (शेवटची नामावली) सरले तरी नकाशावर तशाच राहिल्या. दुसरी गोष्ट पोस्टगेम. हा भाग शेवटानंतर खेळण्यासाठीच बनवलेला असतो आणि बऱ्याचदा शेवट झाल्याशिवाय उघडतच नाही. नकाशावर दोन्हींची खूण सारखी दिसते, म्हणून गल्लत होते.

उरलेल्या क्वेस्टची अडचण अशी की लिहिणाऱ्याने त्या कथेच्या मध्यावरच्या नायकासाठी लिहिलेल्या असतात. 'द विचर ३' (२०१५) घ्या. मुख्य कथा संपल्यावर हा गेम नायक गेराल्टला पुन्हा जगात मोकळं सोडतो. राक्षस मारण्याची कंत्राटं, खजिन्याचे शोध, बरंच काही बाकी असतं. पण तोवर तुमची लेव्हल (ताकदीची पातळी) इतकी चढलेली असते की जुन्या क्वेस्ट यादीत राखाडी दिसतात, त्यांचा एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवगुण) नाममात्र मिळतो आणि ज्या राक्षसासाठी आधी तेल आणि काढे जमवावे लागले असते तो दोन-चार वारांत पडतो. सेटिंगमध्ये शत्रूंची लेव्हल तुमच्याबरोबर वाढवण्याचा पर्याय आहे. नंतर खेळणार असाल तर तो जरूर चालू करा, कारण तयारी करून शिकारीला जाणं हाच त्या कंत्राटांचा गाभा आहे.

लेव्हलवर निदान असा उपाय तरी आहे. काही क्वेस्ट मात्र शेवटापर्यंत पोहोचतच नाहीत. त्याच गेममध्ये गेराल्टची मानसकन्या सिरी हिला आणायला धुक्याच्या बेटावर निघताना गेम इशारा देतो आणि त्या टप्प्यावर काही अर्धवट क्वेस्ट थेट निकामी होतात. राजा रॅडोविडच्या विरोधातल्या कटाची साखळी त्यातलीच एक आहे. ती पूर्ण केली नाही तर युद्ध रॅडोविड जिंकतो. म्हणजे यादीत 'साइड' या सदरात बसलेली क्वेस्ट उत्तरेकडच्या अख्ख्या राज्यांचं भवितव्य ठरवते. अशी क्वेस्ट नंतर खेळू म्हणण्याला अर्थच नाही, कारण तिच्यासाठी 'नंतर' नावाचं काही नसतंच.

याचं सर्वात ठळक उदाहरण मला 'मास इफेक्ट २' (२०१०) वाटतं. तिथे प्रत्येक साथीदाराचं एक लॉयल्टी मिशन असतं. कुणाचे वडिलांशी जुने हिशेब, कुणाची संकटातली बहीण, कुणावर स्वतःच्याच लोकांनी भरलेला खटला. मुख्य कथेला यांची गरज नाही, सगळी सोडून थेट शेवटच्या मोहिमेवर जाता येतं. पण ज्याची निष्ठा मिळवली नाही त्याला त्या मोहिमेत अवघड काम दिलं तर माणसं मरतात, आणि मेलेल्याचं मिशन पुन्हा मिळत नाही. जो वाचला त्याचं मिशन नंतर खेळता येतं, संवादही तेच आणि लढाईही तीच. पण त्याचा भरवसा ज्या क्षणासाठी कमवायचा होता तो क्षण मागे पडलेला असतो. तिसऱ्या भागात तोच सेव्ह (जतन केलेला खेळ) नेणार असाल तर गोष्ट थोडी वेगळी, कारण जुन्या नात्यांचे पडसाद तिथेही उमटतात. एरवी साथीदारांच्या क्वेस्ट कथा संपायच्या आतच खेळाव्यात, यावर मी ठाम आहे.

मग उरलेल्या क्वेस्ट सरसकट सोडून द्यायच्या का? मुळीच नाही. 'स्कायरिम'मध्ये (२०११) चोरांचा संघ, जादूगारांचं विद्यालय, मारेकऱ्यांची टोळी यांच्या कथा मुख्य शत्रू असलेल्या ऑल्डुइन ड्रॅगनच्या कथेपासून जवळजवळ स्वतंत्र आहेत. शत्रूंची ताकदही बऱ्याच अंशी तुमच्या लेव्हलनुसार ठरते. त्यामुळे ऑल्डुइन आधी मारलात काय नि नंतर मारलात काय, त्या कथांचं फारसं काही बिघडत नाही. क्वेस्टची गोष्ट स्वतःपुरती पूर्ण आहे की मुख्य कथेला टेकून उभी आहे, एवढंच पाहायचं.

आता पोस्टगेम. इथे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं की तुम्ही जिंकून आला आहात. १९९९ च्या 'पोकेमॉन गोल्ड' आणि 'सिल्व्हर'मध्ये एलिट फोर हे चार बलाढ्य प्रतिस्पर्धी आणि चॅम्पियन लान्स यांना हरवलं की क्रेडिट्स येतात, आणि मग जहाजाने तुम्ही कांटोला पोहोचता. पहिल्या गेम्समधला तोच प्रदेश, पण तीन वर्षं पुढे सरकलेला. सिनबार बेट ज्वालामुखीने उद्ध्वस्त झालंय आणि तिथल्या प्रमुखाने, ब्लेनने, आपलं जिम (लढतींचं केंद्र) सीफोम बेटांवर हलवलंय. व्हिरिडियनच्या जिममध्ये जुना प्रमुख जोवानीच्या जागी पहिल्या गेममधला प्रतिस्पर्धी ब्लू बसलाय. जिम जिंकून मिळालेल्या आधीच्या आठ बॅजेसमध्ये आणखी आठांची भर पडते, आणि सोळा झाले की माउंट सिल्व्हरवर रेड भेटतो, म्हणजे पहिल्या गेममध्ये ज्याला तुम्ही स्वतः चालवलं होतं तोच. त्याचा पिकाचू ८१ लेव्हलचा आहे. इथे तुमची चढलेली लेव्हल आड येत नाही, उलट अपुरी पडते. हे सगळं क्रेडिट्सच्या आधी ठेवलं असतं तर त्याची निम्मी गंमत गेली असती.

'ड्रॅगन क्वेस्ट ११' तर आणखी पुढे जातो. क्रेडिट्स सरकतात, खेळाडू कंट्रोलर खाली ठेवतो, आणि कथेचा तिसरा अंक, खऱ्या शेवटासकट, त्यानंतर सुरू होतो. त्याला 'जास्तीचं' समजून सोडणाऱ्यांनी गोष्ट अर्धवट टाकली असंच मी म्हणेन.

'द विचर ३'चं 'ब्लड अँड वाइन' (२०१६) हे विस्तारित प्रकरणही याच जातीचं. सुचवलेली लेव्हल ३४, नवा प्रदेश तूसाँ, आणि शेवटी गेराल्टच्या घरी कोण येतं ते मुख्य कथेतल्या तुमच्या निवडींवर ठरतं. एकाच गेममध्ये दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहायच्या असतील तर इथे पाहाव्यात: मागे राहिलेलं कंत्राट तुमचा शेवट ओळखत नाही, तूसाँ ओळखतं.

कधीकधी या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात. 'ड्रॅगन एज: इन्क्विझिशन'मध्ये खलनायक कोरिफियस हरल्यावरही जग खुलं राहतं आणि उरलेली कामं करता येतात. पण 'ट्रेसपासर' हे उपसंहाराचं प्रकरण कथेला दोन वर्षं पुढे नेतं, आणि ते सुरू केलं की जुन्या प्रदेशांत परतता येत नाही. तिथे उरलेलं आधी उरकायचं, मगच पुढे जायचं.

आणखी एक प्रकार असा आहे की तिथे 'कथा संपल्यानंतर' हे शब्दच फसवतात. 'सायबरपंक २०७७'मध्ये शेवट पाहून झाल्यावर गेम तुम्हाला अखेरच्या मोहिमेच्या आधीच्या क्षणी परत नेतो. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' काटेकोरपणे आरपीजी नसला तरी तसंच करतो: शेवटचा शत्रू गॅनन याला हरवल्यावर सेव्हवर एक चांदणी उमटते आणि गॅनन पुन्हा किल्ल्यात हजर. तुम्ही क्रेडिट्स पाहिलेत, पण त्या जगाच्या घड्याळात शेवट अजून व्हायचाच आहे. म्हणून इथल्या उरलेल्या क्वेस्टची किंमत घटत नाही, 'सायबरपंक'मध्ये तर ती वाढते. पॅनम या साथीदाराच्या क्वेस्ट पूर्ण केल्या असतील तरच तिच्या टोळीसोबतचा शेवट निवडता येतो, आणि रोग (Rogue) या पात्रासोबतचा मार्गही जॉनी या पात्राच्या साइड क्वेस्टमधूनच उघडतो. एक शेवट पाहून मागे आलात, या साखळ्या पुऱ्या केल्यात आणि दुसऱ्या वाटेने गेलात, तर ते उरलंसुरलं आवरणं राहत नाही, मूळ कथाच खेळणं होतं.

'फॉलआउट: न्यू वेगास' मात्र हूव्हर धरणाच्या लढाईनंतर संपतो म्हणजे संपतोच. तो आधी सावध करतो, मागे जायचं तर आधीचा सेव्ह उघडायचा. 'फॉलआउट ३'सुद्धा २००८ मध्ये असाच संपत होता. पुढच्या वर्षी आलेल्या 'ब्रोकन स्टील'ने शेवटानंतर खेळण्याची सोय केली आणि लेव्हलची मर्यादा २० वरून ३० वर नेली.

एखादी क्वेस्ट कोणत्या प्रकारची आहे हे गाइड न उघडताही बऱ्यापैकी कळतं. सुचवलेली लेव्हल तुमच्या लेव्हलच्या वर असेल तर ती बहुधा नंतरसाठीच आहे, फार खाली असेल तर मागची उरलेली. त्याहून भरवशाचा मार्ग म्हणजे एखाद्या गावात जाऊन लोकांशी बोलणं. तुम्ही काय करून आलात हे त्यांना ठाऊक असेल तर जग पुढे सरकलंय. अजूनही ते त्याच संकटाला घाबरत असतील तर एकतर घड्याळ मागे नेलंय किंवा संवाद बदललेलेच नाहीत. मुख्य क्वेस्ट यादीत पुन्हा दिसतेय का, यावरून त्या दोघांतलं कोणतं ते ठरतं.

गोळा करायच्या वस्तूंबद्दल, म्हणजे पिसं, झेंडे, बिया, फार लिहिण्यासारखं नाही. त्या कथेच्या आधीही तेवढ्याच असतात आणि नंतरही तेवढ्याच. फिरण्याचा आनंद होत असेल तर गोळा कराव्यात. साथीदारांच्या क्वेस्ट राहून गेल्या असतील आणि घड्याळ मागे जात नसेल, तर त्या तशाच उरकण्यापेक्षा शेवटाआधीचा जुना सेव्ह शोधा. तोही नसेल तर काही महिन्यांनी गेम नव्याने सुरू करा आणि या वेळी त्या माणसांपासून सुरुवात करा.