उघड्या फायलींची नोंद: छोट्या ऑपरेटिंग सिस्टिममधले टेबल कोणाच्या मालकीचे?

नटएक्स या मायक्रोकंट्रोलरवरच्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये एका टास्कने (स्वतंत्र चालणाऱ्या कामाने) फाइल उघडली आणि मिळालेला क्रमांक मेसेज क्यूमधून दुसऱ्या टास्कला पाठवला, तर तिकडे तो चालत नाही. नशीब बरे असेल तर ईबॅडएफ ('असा उघडा क्रमांक नाही') ही चूक हाती येते. नसेल तर दुसऱ्या टास्कच्या टेबलात त्याच क्रमांकावर वेगळीच फाइल उघडी असते आणि लॉगच्या ओळी कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये जाऊन पडतात. हाच कोड व्हीएक्सवर्क्स या दुसऱ्या सिस्टिमच्या कर्नलमधल्या टास्कांत बिनतक्रार चालतो. दोन्ही सिस्टिम रिअल-टाइम, दोन्हींत सगळी टास्के बहुतेक वेळा एकाच मेमरीत नांदणारी, तरी वागणूक उलटी. कारण शोधायला थोडे मागे जावे लागते.

फार मागे जायची गरज नाही. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत प्रत्येक प्रोसेसला १५ डिस्क्रिप्टर, म्हणजे उघड्या फायलींचे क्रमांक, होते आणि सगळ्या यंत्राला मिळून उघड्या फायलींच्या १०० नोंदी. प्रोसेसचे टेबल, त्यामागे सामाईक नोंद, तिच्यामागे आयनोड, म्हणजे प्रत्यक्ष फाइलची नोंद, असे तीन थर. वाचन-लेखनाचा ऑफसेट, म्हणजे फाइलमध्ये कुठवर पोचलो ती जागा, मधल्या थरात ठेवला होता. शेलने एकामागून एक चालवलेल्या दोन कमांडींचे आउटपुट एकाच फाइलमध्ये सलग पडते ते त्यामुळे. या मधल्या थराकडे पुढे परत यायचे आहे. बऱ्याच छोट्या सिस्टिमींनी नेमका तोच उडवला.

दुसरी परंपरा सीपी/एम या डॉसच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमची. तिथे उघड्या फाइलची नोंद, म्हणजे ३६ बाइटांचा फाइल कंट्रोल ब्लॉक, प्रोग्रामच्याच मेमरीत असे आणि सिस्टिमकडे उघड्या फायलींची यादीच नसे. डॉसने २.० या आवृत्तीत, १९८३ मध्ये, हँडल (उघड्या फाइलचे क्रमांक) आणले, सिस्टिमची सामाईक यादी आणली आणि कॉन्फिग फाइलमधली ती 'फाइल्स=' ची ओळ आणली. डेस्कटॉपवरून सीपी/एमची पद्धत पुसली गेली. मायक्रोकंट्रोलरवर मात्र ती आजही ठणठणीत आहे.

व्हीएक्सवर्क्सने ऐंशीच्या दशकात युनिक्ससारखे दिसणारे ओपन(), रीड(), राइट() घेतले, पण प्रोसेस घेतल्या नाहीत. प्रोसेस नाही म्हटल्यावर टेबल एकच. आय/ओ सिस्टिम सुरू करताना ड्रायव्हर किती आणि उघड्या फायली किती हे आकडे द्यायचे. नेहमीच्या मांडणीत २० आणि ५०. प्रत्येक टास्कला वेगळे असे फक्त ०, १ आणि २ हे तीन क्रमांक, म्हणजे इनपुट, आउटपुट आणि चुकांचा मार्ग, वळवता येत. बाकी सगळे सामाईक. कोणी काय उघडले ते पाहायला शेलवर एक कमांड पुरे, आणि एका टास्कने उघडलेली फाइल दुसऱ्याने बंद केली तरी कोणाची हरकत नाही.

याची किंमत टास्क मारताना कळते. टास्क डिलीट केले तरी त्याने उघडलेल्या फायली उघड्याच राहतात, कारण त्या त्याच्या नव्हत्याच. चूक झाल्यावर टास्क मारून पुन्हा सुरू करणारा देखरेखीचा कोड असेल आणि दर वेळी एक फाइल किंवा सॉकेट सुटत असेल, तर ५० जागा भरायला वेळ लागत नाही. त्यानंतर ओपन() उणे एक देते, तो परतावा कोणी तपासलेला नसतो, आणि उणे एकवर राइट() करत राहणारे टास्क वरवर निरोगी दिसते. टेबल ५० वरून २०० करणे हा यावरचा सर्वात लोकप्रिय उपाय. त्याने बिघाड फक्त पुढे ढकलला जातो. पुढे २००४ मध्ये आलेल्या ६.० या आवृत्तीने प्रोसेससारखी चीज आणली आणि तिला तिचे स्वतःचे टेबल दिले. कर्नलमधल्या टास्कांसाठी जुनाच कारभार राहिला.

उघड्या फायली सोडा, नुसत्या असलेल्या फायलींची नोंदही रॅम खाते. जानेवारी २००४ मध्ये मंगळावरचे स्पिरिट रोव्हर पुन्हा पुन्हा रीबूट होऊ लागले तेव्हा मुळाशी हेच होते. फ्लॅशवरच्या डॉस-पद्धतीच्या फाइल सिस्टिमची डिरेक्टरी रॅममध्ये ठेवली जाई, फायली साठत गेल्या, पुसलेल्या फायलींच्या नोंदीही जागा अडवून राहिल्या आणि मेमरी संपली.

आरटीईएमएस या आणखी एका रिअल-टाइम सिस्टिमने एकच टेबल राखले. आकार कंपाइल करताना ठरतो आणि काहीच सांगितले नाही तर तो ३ असतो, म्हणजे इनपुट-आउटपुटचे तीन सोडून एकही फाइल उघडत नाही. नवशिक्याचा पहिला दिवस त्यात जातो. ईकॉस या तशाच सिस्टिमने एकच प्रोसेस असूनही उघड्या फायली आणि डिस्क्रिप्टर अशी दोन टेबले वेगळी ठेवली, नेहमीच्या मांडणीत दोन्ही १६ नोंदींची. युनिक्सचा मधला थर त्यात शाबूत राहिला. त्या वेळी ही चैन वाटली असेल.

२००७ मध्ये आलेल्या नटएक्सने पॉझिक्स हे युनिक्ससारख्या सिस्टिमींचे मानक गंभीरपणे घ्यायचे ठरवले आणि टेबल टास्कच्या हवाली केले. टास्क आणि त्याने जन्माला घातलेले थ्रेड यांचा एक गट, गटाला एक टेबल. नव्या टास्कला पालकाकडून क्रमांक मिळतात, मांडणीनुसार सगळे किंवा फक्त पहिले तीन, तेही नक्कल होऊन. टास्क संपले की गटाचे टेबल ओळीने बंद होते. व्हीएक्सवर्क्समध्ये जे गळत राहायचे ते इथे आपोआप साफ होते, आणि माझ्या मते केवळ एवढ्यासाठी बाकीचा त्रास सोसावा.

त्रास थोडा नव्हता. सुरुवातीच्या रचनेत टेबल म्हणजे ठरावीक लांबीचा अ‍ॅरे. ३२ बिटांच्या प्रोसेसरवर एका नोंदीत उघडण्याचे फ्लॅग, ऑफसेट, आयनोडचा पॉइंटर आणि ड्रायव्हरचा खासगी पॉइंटर, मिळून १६ बाइट. १६ नोंदींचे २५६ बाइट झाले. टास्के बारा असतील तर ३ किलोबाइट, आणि त्यातली निम्मी टास्के एकही फाइल उघडत नाहीत. २० किलोबाइट रॅमच्या चिपवर हे टोचते. शिवाय सॉकेटांसाठी आणखी एक अ‍ॅरे. फाइल आणि सॉकेट ओळखायचे ते निव्वळ क्रमांकावरून: फायलींची मर्यादा १६ असेल तर १६ पासून पुढचे क्रमांक सॉकेटांचे. रीड(), राइट(), पोल() या सगळ्यांच्या तोंडाशी ती एक तुलना बसलेली. फायलींची मर्यादा बदलली की सॉकेटांचे क्रमांक सरकत. फायलींच्या पंधरा जागा रिकाम्या असल्या तरी सॉकेटांची मर्यादा आठ असेल तर नववे सॉकेट मिळत नसे, कारण त्याचा कोटा वेगळा. आणि सॉकेटला ०, १ किंवा २ वर बसवता येत नसे, त्यामुळे डुप२() (एका क्रमांकाची नक्कल दुसऱ्या क्रमांकावर बसवणारे फंक्शन) वापरून शेल नेटवर्कवर देण्याच्या साध्या युक्तीलाही वळसा घालावा लागे.

२०२० च्या आसपास सॉकेटे आयनोडच्या पोटात गेली आणि फायलींच्याच टेबलात बसू लागली. टेबलही गरजेप्रमाणे वाढू लागले. ते सलग अ‍ॅरेने नाही, तर आठ-आठ नोंदींच्या ब्लॉकांनी वाढते, हा तपशील महत्त्वाचा आहे. टेबल वाढताना फक्त ब्लॉकांच्या पॉइंटरांची यादी नव्या जागी हलते, नोंदी जिथल्या तिथे राहतात. सगळा अ‍ॅरे रीअलॉक केला असता, तर एक थ्रेड रीड() मध्ये अडकून बसलेला असताना दुसऱ्याच्या ओपन() ने त्याच्या हातातला पॉइंटर शिळा केला असता.

एवढ्याने पॉइंटर सुरक्षित झाला असे नाही. एक थ्रेड रीड() मध्ये असताना दुसऱ्याने तीच फाइल बंद केली तर काय, हा प्रश्न उरतोच. उत्तर म्हणजे संदर्भांची मोजणी: काम सुरू करताना आकडा वाढवायचा, संपल्यावर उतरवायचा, शून्य झाल्यावर खरे बंद करायचे. नटएक्समध्ये ती उशिरा आली. आरटीईएमएसने ती पाचव्या आवृत्तीत फ्लॅगांच्याच अ‍ॅटॉमिक शब्दात बसवली आणि वेगळा निर्णय घेतला: कोणी वापरात असेल तर क्लोज() ईबिझी ('वापरात आहे') ही चूक देऊन परत येते. क्लोज() चा परतावा तपासायची सवय कोणालाच नसते, त्यामुळे तिथे फाइल बंद झाली असे समजून पुढे गेलेला कोड सापडतो.

सर्वात जास्त वाद ज्यावर व्हायला हवा होता तो मुद्दा डुप() चा, म्हणजे डिस्क्रिप्टरची नक्कल करण्याचा. नटएक्समध्ये मधला थर नव्हता, टेबलातली नोंद हीच उघडी फाइल. मग डुप() केले की नोंदीची नक्कल होई, ऑफसेटसकट. त्या क्षणापासून दोन्ही डिस्क्रिप्टर आपापल्या ऑफसेटने चालत. पॉझिक्स सांगते की ऑफसेट सामाईक हवा. सीरियल पोर्टला ऑफसेट नसतो, त्यामुळे वर्षानुवर्षे कोणाचे बिघडले नाही. बिघडे ते साध्या फाइलवर: आउटपुट आणि चुका दोन्ही एकाच फाइलकडे वळवल्या की दुसऱ्याच्या ओळी पहिल्याच्या ओळींवर लिहिल्या जात आणि शेवटी फाइल अपेक्षेपेक्षा आखूड निघे. मधला थर टाळण्याच्या बाजूने एकच खरा युक्तिवाद होता: प्रत्येक उघड्या फाइलमागे आणखी एक पॉइंटर, एक मोजणी आणि एक मेमरीवाटप. किलोबाइट मोजणाऱ्या चिपवर तो पटतो. मेगाबाइटभर रॅम असलेल्या घड्याळांत आणि स्पीकरांत नटएक्स गेल्यावर तो पटेनासा झाला. अगदी अलीकडे डिस्क्रिप्टर आणि उघड्या फाइलची नोंद वेगळी झाली, म्हणजे सहाव्या आवृत्तीच्या युनिक्सची रचना परत आली. हे आधीच करायला हवे होते.

कर्नलच्या बाजूने पळवाट मात्र पहिल्यापासून उपयोगी ठरली. वर्क क्यूचा, म्हणजे कर्नलची लांबणीवर टाकलेली कामे करणारा, थ्रेड कोणत्याही अ‍ॅपच्या गटात नसतो, म्हणून तिथे अ‍ॅपचा क्रमांक निरर्थक. त्यासाठी क्रमांकाशिवाय, थेट नोंदीच्या स्वरूपात फाइल उघडण्याची सोय आहे. सुरुवातीला सांगितलेल्या मेसेज क्यूच्या अडचणीवर अ‍ॅपपुरता उपाय याहून साधा: क्रमांकाऐवजी फाइलचा मार्ग पाठवा, किंवा टास्काऐवजी थ्रेड वापरा.

सीपी/एमची परंपरा फॅटएफएस आणि लिटलएफएस या मायक्रोकंट्रोलरवरच्या फाइल सिस्टिमींमध्ये दिसते. दोन्हीत उघड्या फाइलची वस्तू वापरणारा स्वतःच्या मेमरीत ठेवतो. फॅटएफएसमध्ये तिच्यात सेक्टरचा बफर असतो, म्हणून ५१२ बाइटांच्या सेक्टरवर ती साडेपाचशे बाइटांच्या आसपास जाते. १ किलोबाइटच्या स्टॅकवर ती ठेवली की निकाल लागलाच. कुलपांचे (फाइल-लॉकचे) टेबल शून्यावर ठेवले असेल तर तीच फाइल दोनदा लिहायला उघडली किंवा उघडी असताना पुसली तरी कोणी अडवत नाही, आणि व्हॉल्यूम खराब होतो. लिटलएफएस उघड्या वस्तूंची लिंक्ड लिस्ट ठेवते, कारण मेटाडेटा हलला की प्रत्येक उघड्या फाइलला कळवावे लागते. फंक्शनच्या स्टॅकवर वस्तू बनवून मधल्याच रिटर्नने बाहेर पडलात, तर त्या यादीत मेलेला पॉइंटर राहतो. कोसळणे तिथे होत नाही, पुढच्या कुठल्याशा लेखनात होते.

आता ईएसपी३२ चिपांच्या ईएसपी-आयडीएफ या सॉफ्टवेअर संचात ६४ क्रमांकांचे सामाईक टेबल आहे, आणि सॉकेटांची मर्यादा १० असताना त्यांचे क्रमांक ५४ पासून सुरू होतात. झेफिर या रिअल-टाइम सिस्टिममध्येही टेबल सामाईक आहे, त्यात सॉकेटे आणि इव्हेंटचे डिस्क्रिप्टरही मोजले जातात. नोंदी मोजक्याच असल्या तर साधा नेटवर्क क्लायंटही त्या संपवतो. जागा संपल्यावर कोणती चूक येते यावरून मालकी ओळखता येते. नटएक्समध्ये ईएमफाइल येते, म्हणजे टास्कची मर्यादा संपली. झेफिर आणि आरटीईएमएसमध्ये ईएनफाइल येते, म्हणजे सगळ्या यंत्राची. पहिल्या प्रकारात तेच टास्क तपासायचे. दुसऱ्यात गळती कुठल्याही थ्रेडमध्ये असू शकते, आणि चूक ज्याला मिळाली तो बहुधा निर्दोष असतो.