शिष्यवृत्ती व शिक्षण शुल्क प्रतिपूर्ती (महाराष्ट्र) : नियम आणि विद्यार्थ्याची जबाबदारी

महाराष्ट्रात दहावीनंतरच्या शिक्षणाचा खर्च पूर्णतः वा अंशतः उचलण्यासाठी शासन विद्यार्थ्याला जे अर्थसाहाय्य देते, त्याला बोलण्यात सरसकट ‘स्कॉलरशिप’ म्हटले जात असले, तरी त्या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी मोडतात. शुल्काबरोबर निर्वाह भत्ताही मिळतो ती शिष्यवृत्ती. उत्पन्नाची मर्यादा ओलांडली असल्याने भत्ता मिळत नाही, पण प्रवर्गामुळे शिक्षण व परीक्षा शुल्काची भरपाई होते ती ‘फ्रीशिप’, म्हणजे शुल्क प्रतिपूर्ती. आरक्षणाबाहेरच्या पण आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांना शुल्कात मिळते ती सवलत जुन्या नावाने अजून ‘ईबीसी’ म्हणून ओळखली जाते. तिन्हींचे नियम, मर्यादा आणि शासनाची खाती वेगळी आहेत. महाविद्यालयाच्या खिडकीवर होणारे निम्मे वाद ही तीन नावे एकमेकांत मिसळल्यामुळे होतात, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

शिकणाऱ्याला सत्तेने पैसा देण्याची आणि त्या पैशाला अट जोडण्याची रीत या प्रदेशात जुनी आहे. पेशवाईत श्रावणमासी वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेचा निधी इंग्रजी अमलात शिक्षणाकडे वळवण्यात आला. १८२१ मध्ये पुण्याच्या विश्रामबाग वाड्यात निघालेली संस्कृत पाठशाळा आणि पुढे महाविद्यालयांतून दिल्या गेलेल्या ‘दक्षिणा फेलोशिप’ या त्याच निधीच्या शाखा होत. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकत असताना एका निबंधात मराठी राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना केली, तेव्हा त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने रोखली गेली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. बडोदे संस्थानाने १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता दिली, तीही करार करून : नेमलेल्याच विषयांचा अभ्यास करायचा आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करायची. त्या नोकरीसाठी १९१७ मध्ये बडोद्यास गेलेल्या आंबेडकरांना अस्पृश्यतेपायी राहायला जागा मिळाली नाही आणि ती सोडावी लागली, हा प्रसंग सर्वज्ञात आहे. करारात विद्यार्थ्याची कर्तव्ये लिहिलेली होती, त्याला छप्पर मिळण्याची हमी नव्हती.

आजच्या व्यवस्थेचा कणा असलेली भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अनुसूचित जातींसाठी १९४४ मध्ये सुरू झाली आणि स्वातंत्र्यानंतर लवकरच तिचा लाभ अनुसूचित जमातींनाही मिळू लागला. अकरावीची जुनी मॅट्रिक परीक्षा जाऊन अर्धे शतक उलटले, तरी योजनेचे नाव तेच राहिले आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत असेल, तर त्याला शिष्यवृत्ती मिळते. त्याहून अधिक असेल, तर महाराष्ट्रात राज्य शासन फ्रीशिप देते. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या योजनेच्या खर्चाची वाटणी केंद्र ६० व राज्य ४० टक्के अशी ठरवली आणि केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर टाकण्याचे धोरण स्वीकारले. परिणामी एकाच विद्यार्थ्याचे एकाच वर्षाचे शुल्क आता दोन तिजोऱ्यांतून, दोन वेगवेगळ्या वेळी येते. निर्वाह भत्ता अभ्यासक्रमाच्या गटाप्रमाणे ठरतो : पदवी व पदव्युत्तर व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या पहिल्या गटात वसतिगृहात राहणाऱ्याला वर्षाला १३,५०० रुपये, तर घरून ये-जा करणाऱ्याला ७,००० रुपये, आणि अकरावी-बारावीचा समावेश असलेल्या चौथ्या गटात अनुक्रमे ४,००० व २,५०० रुपये. शहरातल्या खानावळीचा दर ज्याला ठाऊक आहे, त्याला हे आकडे पुरेसे वाटणार नाहीत. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून राबवली जाणारी, राहण्या-जेवण्यासाठी रक्कम देणारी स्वाधार योजना या उणिवेची कबुलीच मानता येईल.

इतर मागास वर्गाच्या विद्यार्थ्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्काची निम्मी, तर विमुक्त जाती-भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना संपूर्ण प्रतिपूर्ती मिळत आली आहे. त्यासाठी उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचे, म्हणजे नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र लागते. आर्थिकदृष्ट्या मागासांसाठी २०१६ मध्ये घोषित झालेल्या राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील दोन अपत्यांना निम्मे शिक्षण शुल्क मिळते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आतील उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी देण्यात आली. ‘मुलींना शिक्षण मोफत’ असा या निर्णयाचा गाजावाजा झाला असला, तरी माफी त्या दोनच शुल्कांची आहे. विकास शुल्क, ग्रंथालय, जिमखाना, अनामत असे मथळे पावतीवर उरतातच.

जवळजवळ सर्व योजनांना समान असलेली पहिली अट प्रवेशाच्या मार्गाची. व्यावसायिक अभ्यासक्रमांत केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे ‘कॅप राउंड’मधून, मिळालेला प्रवेशच ग्राह्य धरला जातो. व्यवस्थापन कोट्यातून वा संस्थास्तरावर घेतलेल्या जागेवर गुण कितीही असले, तरी लाभ मिळत नाही, आणि ही गोष्ट बहुतेकांना प्रवेश घेऊन झाल्यावर कळते. दुसरी अट एका वेळी एकच शिष्यवृत्ती घेण्याची. तिसरी शिक्षण पुढच्या पायरीवर जात राहण्याची : बी.ए. झाल्यावर बी.कॉम.ला, किंवा एक व्यावसायिक पदवी घेऊन दुसऱ्या व्यावसायिक पदवीला प्रवेश घेतल्यास मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळत नाही, कारण शासनाच्या लेखी तो विद्यार्थी त्याच पायरीवर उभा असतो. शाहू योजनेत अभ्यासक्रमाच्या काळात दोन किंवा अधिक वर्षांचा खंड पडलेला चालत नाही. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी ७५ टक्के उपस्थितीची अपेक्षा आहे, तर शाहू योजनेत मागील सत्रातील ५० टक्के उपस्थिती पुरते.

अर्ज ‘महाडीबीटी’ या राज्य शासनाच्या थेट लाभ हस्तांतरणाच्या संकेतस्थळावर करायचा असतो. २०१७-१८ पूर्वी पैसा मुख्यतः महाविद्यालयांच्या खात्यावर जात असे. त्यात झालेल्या गैरव्यवहारांच्या चौकशीसाठी शासनाला २०१६ मध्ये विशेष पथक नेमावे लागले होते. थेट खात्यावर पैसे देण्याने तो मार्ग अरुंद झाला, हे मान्य करावे लागेल. मात्र पूर्वी कार्यालयातला लिपिक जे काम वर्गाच्या यादीवरून एकगठ्ठा करत असे, ते आता प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः, स्वतःच्या ओटीपीवर करायचे आहे.

या कामातली अवघड जागा अर्जाच्या आधीच सुरू होते. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच वैध असतो, त्यामुळे बारावीच्या वेळी काढलेला दाखला जुलैमध्ये निरुपयोगी ठरतो आणि निकालानंतरच्या आठवड्यांत आपले सरकार सेवा केंद्रांपुढे, ज्यांना लोक अजून ‘सेतू’च म्हणतात, रांगा लागतात. जातीच्या दाखल्याबरोबरच व्यावसायिक अभ्यासक्रमांना जात वैधता प्रमाणपत्र लागते. ते पडताळणी समितीकडून मिळायला किती दिवस जातील याचा भरवसा नसल्याने जाणते पालक मुलगा अकरावीत असतानाच प्रस्ताव दाखल करतात. शिधापत्रिका अपत्यांची संख्या पाहण्यासाठी मागितली जाते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी व वडिलांचे नाव शेवटी, आधार कार्डावर क्रम उलटा, आणि बँकेच्या पासबुकात वडिलांच्या नावाचे फक्त आद्याक्षर, असा एकाच मुलीच्या नावाचा तिहेरी अवतार तर घरोघरी आढळतो. त्यात प्रत्येक कागद २५६ केबीच्या आत बसवायचा असल्याने सायबर कॅफेवाल्याकडे दाखला इतका आकसतो की तहसीलदारांची सही वाचता येत नाही, आणि नेमक्या त्याच कारणावरून अर्ज ‘सेंड बॅक’ होतो.

‘सेंड बॅक’ म्हणजे नामंजुरी नव्हे, हे येथे स्पष्ट करायला हवे. अर्ज आधी महाविद्यालयातील लिपिकाच्या, मग प्राचार्यांच्या आणि त्यानंतर संबंधित खात्याच्या जिल्हा वा विभागीय कार्यालयाच्या लॉगिनवर जातो, आणि यांपैकी कोणत्याही टेबलावरून तो त्रुटीसह विद्यार्थ्याकडे परत येऊ शकतो. त्रुटी दुरुस्त करून मुदतीत पुन्हा सादर करणे, ही जबाबदारी पूर्णपणे विद्यार्थ्याची असते. सूचना नोंदणीकृत मोबाइलवर येते. तो क्रमांक बहुधा गावी असलेल्या वडिलांचा असल्याने संदेश दिवसचे दिवस न वाचलेला राहतो. दुसऱ्या वर्षापासून नूतनीकरण, म्हणजे ‘रिन्युअल’, करावे लागते; एकदा मंजूर झालेली शिष्यवृत्ती आपोआप चालू राहत नाही.

मंजुरीनंतर रक्कम आधार क्रमांकाशी जोडलेल्या खात्यावर जाते, अर्जात लिहिलेल्या खात्यावर नव्हे. हा फरक नीट समजून घेण्याजोगा आहे. एका माणसाची कितीही खाती असली, तरी थेट लाभासाठी आधारशी जोडणी एकाच बँकेची धरली जाते, आणि संमती घेऊन सर्वांत शेवटी जिने आधार जोडले ती बँक चालू मानली जाते. मधल्या काळात मोबाइलवरून एखादे नवे शून्य-शिलकी खाते उघडले आणि तिथे आधार जोडले गेले, तर शिष्यवृत्ती तिकडे जमा होते. विद्यार्थी मात्र जुन्या पासबुकात नोंद शोधत महाविद्यालयात तक्रार करत राहतो. खाते निष्क्रिय झाले असेल, तर रक्कम परत जाते.

खात्यात आलेला सगळा पैसा विद्यार्थ्याचा नसतो. निर्वाह भत्ता त्याचा. शिक्षण व परीक्षा शुल्काचा भाग महाविद्यालयाचा, आणि तो दिलेल्या मुदतीत तिथे भरावा लागतो. पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी प्रतिपूर्तीयोग्य शुल्क मागू नये, असे शासनाचे आदेश वारंवार निघालेले आहेत, आणि या सवलतीची दुसरी बाजू म्हणजे हा भरणा. घरात आजारपण वा पेरणीचा खर्च असताना खात्यावर तीस-चाळीस हजार रुपये दिसले की ते वापरले जातात, आणि शेवटच्या वर्षी महाविद्यालय सोडल्याचा दाखला मागायला गेल्यावर थकबाकीचा आकडा समोर येतो. उलट बाजूही तितकीच खरी आहे : अर्जाला अंतिम तारीख असते, त्रुटी दुरुस्तीला असते, शुल्क भरण्यालाही असते, हप्ता कोणत्या तारखेपर्यंत देऊ याचे बंधन मात्र देणाऱ्याने व्यवहारात पाळलेले दिसत नाही. अभ्यासक्रम संपल्यावर हप्ता मिळालेले विद्यार्थी विरळा नाहीत.

जबाबदारी मोडल्यास होणारे परिणाम नियमांत दिलेले आहेत. पूर्वपरवानगीशिवाय विषय किंवा संस्था बदलल्यास, अनियमित हजेरी वा गैरवर्तन आढळल्यास शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते. वर्षाच्या मध्येच शिक्षण सोडल्यास घेतलेली रक्कम परत मागण्याचा अधिकार राज्य शासनाकडे आहे. खोटी माहिती देऊन लाभ घेतल्यास रक्कम वसूल करून विद्यार्थ्याचे नाव काळ्या यादीत टाकले जाते. जातीचा दाखलाच खोटा निघाला, तर २००१ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २३ लागू होतो : शिष्यवृत्तीची रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल केली जाते आणि सहा महिने ते दोन वर्षे सक्तमजुरी, किंवा २,००० ते २०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा होऊ शकते. नापास होण्याची गणना गैरवर्तनात होत नाही, पण उदारतेला मर्यादा आहे. वैद्यकीय, अभियांत्रिकी अशा वरच्या गटातील अभ्यासक्रमांत एकदा नापास झाल्यास शिष्यवृत्ती चालू ठेवता येते, दुसऱ्यांदा झाल्यास पुढच्या वर्गात जाईपर्यंतचा खर्च स्वतः करावा लागतो.

ज्यांना यांपैकी काहीच मिळत नाही, त्यांना शैक्षणिक कर्जाचा आधार घ्यावा लागतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील विद्यार्थ्यांना विनातारण कर्ज मिळते, आणि कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत मिळू शकते. मात्र अन्य शासकीय शिष्यवृत्ती घेणारा या व्याज सवलतीस पात्र ठरत नाही. म्हणजे एका वेळी एकच लाभ हा नियम कर्जापर्यंतही पोहोचला आहे. परदेशी शिक्षणासाठी जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये स्थापलेला निधी आजही परतफेडीच्या अटीवरच कर्ज-शिष्यवृत्ती देतो. शेजारच्या गोव्यात शिक्षण विकास महामंडळामार्फत बिनव्याजी शैक्षणिक कर्ज दिले जाते. तेथे विद्यार्थ्याला मुद्दल तेवढे फेडावे लागते.