दडपशाहीतली वाचनालयं

दडपशाहीतली वाचनालयं म्हणजे, सत्ताधारी किंवा बाहेरून आलेलं सैन्य जेव्हा ठरवतं की कुणी काय वाचायचं, तेव्हा ज्यांच्यावर ही बंदी येते त्याच लोकांनी उघडपणे नाहीतर लपूनछपून चालवलेली वाचनालयं. यात पुस्तकावरची बंदी येते तशी वाचकावरची बंदीपण येते, आणि ही दुसरी बंदी लोकांच्या फारशी लक्षातच येत नाही. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रिया शहरात पब्लिक लायब्ररी होती पण कृष्णवर्णीयांना तिथलं कार्ड मिळायचं नाही. २१ ऑगस्ट १९३९ ला पाच तरुण एकेक करून आत गेले, कार्ड मागितलं, नाही म्हटल्यावर शेल्फवरचं पुस्तक घेऊन शांतपणे वाचत बसले आणि त्यासाठी त्यांना अटक झाली. वकील सॅम्युएल टकर यांनी हे आखलं होतं. शहराने १९४० मध्ये कृष्णवर्णीयांसाठी वेगळी लायब्ररी काढून दिली, म्हणजे भेदभाव होता तसाच राहिला.

सगळ्यात जास्त सांगण्यासारखं आहे ते विल्नाच्या (आजचं विल्नियस, लिथुआनिया) घेट्टोतलं वाचनालय. सप्टेंबर १९४१ मध्ये नाझींनी ज्यूंना काही गल्ल्यांमध्ये कोंडलं, हाच घेट्टो, त्यातच स्ट्राशुन रस्त्यावरची एक जुनी लायब्ररी आली, आणि वॉर्सातून पळून आलेले ग्रंथपाल हर्मन क्रुक यांनी ती लगेच सुरू केली. माणसं पोनारच्या जंगलात नेऊन गोळ्या घातल्या जात होत्या, घरात झोपायला जागा नाही, खायला पुरेसं नाही, तरी लोक पुस्तक बदलायला येतच होते आणि डिसेंबर १९४२ मध्ये एक लाखावं पुस्तक वाचायला दिलं गेलं तेव्हा घेट्टोत त्याचा कार्यक्रमसुद्धा झाला. क्रुक कोण काय वाचतंय याची नोंद ठेवायचे. बहुतेकांना हलक्याफुलक्या कादंबऱ्या हव्या असायच्या, आणि त्यात कमीपणा काहीच नाही, तेवढा वेळ तरी माणूस त्या भिंतींच्या बाहेर असायचा. काहीजण मात्र आर्मेनियन लोकांच्या कत्तलीवरची कादंबरी मागून घ्यायचे, आपल्यासोबत काय चाललंय ते समजून घ्यायला.

याच शहरात नाझींनी ज्यू पुस्तकं निवडायला ज्यूंनाच कामाला लावलं होतं, थोडी जर्मनीला पाठवायची आणि बाकीची कागदाच्या गिरणीत लगद्यासाठी. या गटाला पुढे पेपर ब्रिगेड म्हणू लागले. कवी अब्राहम सुत्स्केव्हर त्यात होते. कपड्यांखाली लपवून ही माणसं पुस्तकं, हस्तलिखितं घेट्टोत आणायची, झडतीत सापडलं तर जीव जाईल हे माहीत असून. क्रुक यांना नंतर एस्टोनियातल्या छावणीत नेलं आणि सप्टेंबर १९४४ मध्ये मारलं, पण आदल्या दिवशी त्यांनी आपल्या वह्या जमिनीत पुरल्या होत्या, त्या पुढे सापडल्या.

सीरियात दमास्कसजवळच्या दराया गावाला २०१२ ते २०१६ वेढा होता. तिथल्या तरुणांनी बॉम्बने पडलेल्या घरांतून हजारो पुस्तकं गोळा करून तळघरात वाचनालय थाटलं, आणि मालक परत आला तर देता यावं म्हणून पुस्तकांवर त्यांची नावं लिहून ठेवली. ऑगस्ट २०१६ मध्ये गाव रिकामं करावं लागलं आणि ते वाचनालय लुटलं गेलं.