मोजणीतून निसटणारे मर्टन

संशोधक किती मोठा, हे ठरवायला आज सर्रास सायटेशन मोजतात. म्हणजे त्याच्या शोधनिबंधाचा हवाला इतरांनी आपल्या निबंधांत किती वेळा दिला, याची गणती. २००५ मध्ये होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तिच्यावरून 'एच-इंडेक्स' काढला. तुमच्या २० निबंधांना प्रत्येकी किमान २० सायटेशन मिळाली असतील, तर तुमचा एच-इंडेक्स २०. नेमणूक, बढती, अनुदान असे निर्णय घेताना हा आकडा समोर ठेवला जातो. एवढं ओझं त्याला पेलतं का, हे तपासायचं असेल तर अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट के. मर्टन यांचं काम पाहावं.

मर्टन १९१० मध्ये फिलाडेल्फियात एका गरीब स्थलांतरित ज्यू कुटुंबात जन्मले आणि कोलंबिया विद्यापीठात त्यांनी जवळपास सगळी कारकीर्द घालवली. त्यांचं नाव न ऐकलेले लोकही त्यांचे शब्द वापरतात. 'रोल मॉडेल' ही संकल्पना त्यांनी रुळवली. रेडिओचे कार्यक्रम ऐकणाऱ्यांच्या मुलाखती घेण्याची जी पद्धत त्यांनी १९४०च्या दशकात विकसित केली, तिच्यातून आजचा 'फोकस ग्रुप' आला. साबणाच्या जाहिरातीपासून निवडणुकीच्या प्रचारापर्यंत तो सगळीकडे आहे.

१९४८ मध्ये त्यांनी 'स्वतःलाच खरं करणारं भाकीत' ही कल्पना मांडली. धडधाकट बँक बुडणार अशी अफवा उठते, घाबरलेले ठेवीदार एकाच वेळी पैसे काढायला धावतात आणि बँक खरोखरच बुडते. भाकीत खोटं होतं, पण लोकांनी ते खरं मानलं. हीच कल्पना मानसशास्त्रात शाळेच्या वर्गापर्यंत पोहोचली. शिक्षकाची विद्यार्थ्याकडून असलेली अपेक्षा त्याच्या प्रगतीवर परिणाम करते का, हा प्रश्न घेऊन रॉबर्ट रोझेन्थाल यांनी १९६०च्या दशकात केलेल्या प्रयोगावर आजही वाद चालतात.

आता 'रोल मॉडेल' लिहिताना मर्टन यांचा हवाला कोण देतं? जवळजवळ कोणीच नाही. कल्पना इतकी अंगवळणी पडते की तिचा कर्ता गळून पडतो. गंमत नव्हे, ही फार गंभीर गोष्ट आहे, आणि ती नेमकी हेरली तीही मर्टन यांनीच. त्यांच्या मते ज्ञानात पूर्ण सामावून जाणं हीच मूळ लेखक पुसला जाण्याची वाट असते. म्हणजे प्रभाव एका मर्यादेपलीकडे गेला की सायटेशन वाढण्याऐवजी थांबूही शकतात. ज्या मोजपट्टीला सर्वात खोल प्रभावच दिसत नाही, तिच्यावर माणसांची भवितव्यं ठरवणं मला अन्यायाचं वाटतं.

बारीकसारीक अडचणी वेगळ्याच. समाजशास्त्रातलं पुष्कळ मोलाचं काम पुस्तकांतून येतं, तर सायटेशनच्या याद्या मुळात नियतकालिकांभोवती उभ्या राहिल्या. शिवाय मर्टन यांचे चिरंजीव रॉबर्ट सी. मर्टन हेही नामवंत; अर्थशास्त्राचं १९९७ चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. मधलं आद्याक्षर विसरून शोध घेतला, तर बापलेकांचं काम एकत्र होण्याचा धोका आहेच.

पण सर्वात बोलकी कथा १९६८ ची. त्या वर्षी 'सायन्स' या साप्ताहिकात मर्टन यांनी 'मॅथ्यू इफेक्ट' मांडला. ज्याच्यापाशी आहे त्याला आणखी मिळेल आणि ज्याच्यापाशी नाही त्याचं असलेलंही जाईल, अशा आशयाचं वचन बायबलमधल्या मत्तयाच्या (इंग्रजीत मॅथ्यू) शुभवर्तमानात आहे. नाव तिथून घेतलेलं. विज्ञानातही तसंच घडतं, असं त्यांचं म्हणणं. एका प्रसिद्ध आणि एका अनोळखी संशोधकाने मिळून काम केलं तर श्रेय प्रसिद्धाच्या पदरात पडतं. मग त्याचंच नाव आणखी उद्धृत होतं, आणि ते पाहून पुढचेही त्यालाच उद्धृत करतात.

या निबंधाचा आधार कोणता? हॅरिएट झुकरमन या तरुण संशोधिकेने आपल्या पीएचडीसाठी अमेरिकेतल्या नोबेल विजेत्यांच्या घेतलेल्या मुलाखती. एकेका दिग्गजाला गाठून त्यांनी ही माहिती जमवली होती. तरीही निबंधावर लेखक म्हणून नाव एकट्या मर्टन यांचं. झुकरमन यांचे उल्लेख तळटीपांत. हा निबंध दोघांच्या नावाने यायला हवा होता, हे मर्टन यांनी पुढे १९७३ मध्ये स्वतः लिहून मान्य केलं. हा प्रामाणिकपणा थोर आहे, यात शंका नाही. पुढे १९९३ मध्ये दोघांनी लग्नही केलं.

त्याच वर्षी मार्गारेट रॉसिटर या इतिहासकार बाईंनी स्त्री संशोधकांचं श्रेय पुरुषांच्या खात्यात जाण्याच्या प्रकाराला 'मटिल्डा इफेक्ट' असं नाव दिलं. एकोणिसाव्या शतकात याविषयी लिहिणाऱ्या मटिल्डा गेज या स्त्री-हक्कांच्या कार्यकर्तीवरून ते घेतलं होतं. झुकरमन यांचं उदाहरणही रॉसिटर यांनी त्यात नोंदवलं. १९६८ च्या निबंधाला आजवर मिळालेली हजारो सायटेशन मात्र अजूनही एका लेखकाच्या नावावर जमा आहेत.