जळण (कोल्हापूर परिसर)

जळण : चुलीत, न्हाणीच्या बंबात किंवा कार्याच्या चुलाणात जाळण्यासाठी तोडून, फोडून आणि वाळवून साठवलेले लाकूड. प्रमाण मराठीतले सरपण. कोल्हापूरकडे बोलताना जळण किंवा जळाण. शेणी, तुरकाट्या, उसाचे चिपाड हेही जळणच. गुऱ्हाळ चिपाडावर चालते आणि पंचगंगेच्या स्मशानात शेणी वापरतात. या नोंदीत फक्त लाकडाचा विचार केला आहे.

जळणाच्या दृष्टीने जिल्ह्याचे दोन मुलूख पडतात. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, आजरा, चंदगड या पश्चिम भागात झाडे पुष्कळ, पण वाळवायला दिवस थोडे. शिरोळ, हातकणंगले भागात ऊन भरपूर आणि लाकूड बहुतेक बांधावरचे. दोन्हीकडे तोड माघ-फाल्गुनात करून मृगाच्या आत सुके जळण आडोशाला नेणे, हाच बेगमीचा क्रम आहे.

लाकडाची निवड. बाभूळ सर्वांत भरवशाची. ती जड असते आणि तिचा निखारा टिकतो, त्यामुळे रश्श्याच्या मोठ्या पातेल्याखाली सारखा विस्तव मिळतो. तिची साल हिरड्याबरोबर कोल्हापुरी चपलेचे कातडे कमावण्यासाठी वापरली जाते. सोललेला ओंडका लवकर वाळतो आणि त्याला भुंगाही कमी लागतो. सुबाभूळ सहज फुटते आणि बुंध्यातून पुन्हा फुटवे देते. निलगिरी ओली असतानाच फोडावी, वाळल्यावर तिची पिळदार शिरा कुऱ्हाडीला दाद देत नाही. पांगारा, सावर, शेवगा ही हलकी लाकडे भडकन पेटतात आणि राख होतात. विस्तव धरवायला ठीक, शिजवायला नाहीत. बिब्बा तोडूच नये. त्याचा चीक अंगावर उततो आणि धुराचाही त्रास होतो. कण्हेर विषारी असल्याने ती स्वयंपाकाच्या चुलीत घालत नाहीत. देवराईतले वाळके लाकूडही न उचलण्याची रीत अनेक गावांनी पाळली आहे, आणि ती पाळण्यासारखीच आहे.

परवानगी. झाड स्वतःच्या रानातले असले तरी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीतल्या जातींना लेखी परवानगी लागते. हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ, फणस, खैर, ऐन, किंजळ, अंजन या त्यांपैकी काही. बाभूळ, सुबाभूळ, निलगिरी त्यांत नाहीत. शहरी हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा लागू आहे. राधानगरी अभयारण्यातून मोळी आणणे हा गुन्हा ठरतो. ट्रॉली भरण्याआधी वाहतुकीच्या पासाबद्दल वनपालाकडे विचारून घ्यावे.

तोड. शिकणाऱ्याने उभ्या झाडापासून सुरुवात करू नये. आधी पडलेल्या फांद्या, मग छाटणी, मग मनगटाएवढे बुंधे. जाड बुंधा पाडताना ज्या बाजूला झाड पाडायचे त्या बाजूला जाडीच्या चौथाईइतकी खाच घेतात. मागचा काप खाचेच्या तळापेक्षा तीन-चार सेंटिमीटर वर येतो आणि मध्ये जाडीच्या साधारण दहाव्या हिश्शाची पट्टी शिल्लक ठेवतात. ही पट्टी बिजागरीचे काम करते. ती पूर्ण कापली गेली की झाड कुठेही कलते. खाच न घेता मागूनच कापले तर बुंधा उभा चिरतो आणि उसळून कापणाऱ्यावर येतो. विजेच्या तारेला लागून असलेले झाड महावितरणला कळवल्याशिवाय हात लावण्याचे नाही. पुन्हा फुटवा हवा असेल तर बुंधा जमिनीपासून वीतभर ठेवून उतरता काप घ्यावा, म्हणजे पाणी साचून तो कुजत नाही.

फोड. कुऱ्हाडीचे पाते दीड ते दोन किलोचे आणि दांडा धामणीचा असल्यास उत्तम. नेढ्यात, म्हणजे पात्याच्या भोकात, दांडा हलू लागला की कुऱ्हाड पाण्यात बुडवून ठेवण्याची सवय घातक आहे: लाकूड फुगून तेवढ्यापुरते घट्ट बसते आणि वाळल्यावर आधीपेक्षा सैल होते. पाचर बदलावी. बोथट पाते लाकडात न शिरता घसरते आणि नडगीवर येते, म्हणून धार रोज पाजवावी. ओंडका गुडघ्याएवढ्या ठोकळ्यावर उभा करून, पाय फाकवून, घाव मधोमध न घालता कडेच्या तड्यावर घालतात. गाठीच्या लाकडाला लोखंडी पाचर आणि घण लागतो. चुलीसाठी मनगटाएवढे तुकडे करतात. लांबी दीड हात असली तरी चालते, कारण लाकूड पुढे सारता येते. बंबाला मात्र वीतभर ढलप्याच हव्यात.

वाहतूक. डोक्यावरच्या मोळीला चुंबळ, म्हणजे कापडाचे गोल वेटोळे, लागते. नवख्याने पंधरा-वीस किलोच्या वर जाऊ नये. दोन ठिकाणी दोर टाकून जाड-बारीक लाकडे उलटसुलट घातली की मोळी एका अंगाला झुकत नाही. बैलगाडीत ओझे मागे गेले तर गाडी उलाळते, पुढे आले तर बैलांच्या मानेवर येते. जड ओंडके आसावर ठेवावेत.

मोजमाप. इथेच बहुतेकांची फसगत होते, कारण लाकडाच्या मापात पाणीही मोजले जाते. ओल्या लाकडाचे निम्मे वजन पाण्याचे धरले, तर १०० किलोत कोरडे लाकूड ५० किलो. ते वाळून पाण्याचा वाटा २० टक्क्यांवर आला की काट्यावर ६२.५ किलो भरते. म्हणजे वजनावर ओले जळण घेणारा दर क्विंटलला ३७.५ किलो पाण्याचे पैसे मोजतो. सारखेच सुकलेले असेल तर किलोमागे उष्णता सगळ्या लाकडांत जवळपास सारखी मिळते. म्हणून वजनाने घेताना जातीपेक्षा सुकेपणा पाहावा, आणि ट्रॉलीच्या मापाने घेताना जड जात.

दहा फूट लांब, सहा फूट रुंद, दोन फूट उंच ट्रॉलीत १२० घनफूट, म्हणजे १.२ ब्रास किंवा सुमारे ३.४ घनमीटर माप बसते. त्यात बरीच हवा असते. नीट रचलेल्या राशीत भरीव लाकूड ६० ते ७० टक्के, वाकड्या बाभळीचे त्याहून कमी, आणि नुसते फेकून भरले असेल तर निम्म्याच्या आसपास. भाव ठरवताना रचून भरले की फेकून, हे आधी बोलून घ्यावे.

गोल ओंडक्याला मध्यभागी दोरीने घेर घेऊन त्याच्या चौथाईचा वर्ग लांबीने गुणतात. घेर ८० सेंटिमीटर आणि लांबी २ मीटर असेल तर ०.२० × ०.२० × २ = ०.०८ घनमीटर. खरे घनफळ ०.१०२ येते, चौथाई घेराचे माप सुमारे २१ टक्के कमी भरते. ही रीत इमारती लाकडासाठी चौरसताना जाणारी कड वजा धरते. जळणात ती कडही जळतेच, म्हणून विकणाऱ्याने हे माप मान्य करू नये.

घरची गरज काढायला आठवडाभर रोजचे जळण ताणकाट्यावर तोलावे. रोज पाच किलो लागत असेल तर पावसाळ्याच्या १२० दिवसांना ६०० किलो, आणि हवेतल्या ओलाव्यासाठी वर चौथाई, म्हणजे ७५० किलो सुके जळण साठवावे.

वाळवण व साठवण. फोडलेले लाकूड वीतभर उंच दगडांवर, साल वर करून, फटी ठेवून रचतात. जमिनीला टेकले की वाळवी लागते. सुकले की नाही हे पाहायला एका ढलपीवर खूण करून ती दर आठवड्याला तोलावी. वजन घटायचे थांबले की जळण तयार झाले. दोन सुके तुकडे एकमेकांवर आपटले तर खणखणतात, ओले बद्द वाजतात. ओले जाळले तर बराच विस्तव पाणी उडवण्यातच जातो आणि घर धुराने भरते. पश्चिम भागात रास पडवीत नेऊन झडीची बाजू बंद करावी. सगळीकडून प्लॅस्टिक गुंडाळले तर आतला ओलावा कोंडून बुरशी येते. राशीत घोणस, फुरसे, विंचू दडतात, त्यामुळे काठीने ठोकून वरचेच लाकूड उचलावे, फटीत हात घालू नये, आणि रात्रीपुरते जळण उजेड असतानाच चुलीपाशी आणून ठेवावे.